ताई ची उलट बाजूने: सात महिन्यांनंतरचा अनुभव

ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामप्रकाराचा चोवीस हालचालींचा संच मला शिकवला होता तसाच मी दोन वर्षे करत होतो. गेल्या नोव्हेंबरपासून तोच संच डाव्याचे उजवे आणि उजव्याचे डावे करून, म्हणजे आरशात दिसावा तसा, करू लागलो.

१९५६ मध्ये चीनमध्ये ताई चीच्या यांग शैलीच्या मोठ्या संचातून बेतलेला हा क्रम दोन्ही बाजूंना सारखा नाही. ‘चिमणीची शेपटी पकडणे’ ही हालचाल दोन्ही बाजूंनी येते; ‘सिंगल व्हिप’ (एका हाताची चोच करून दुसरा तळवा पुढे नेणे) मात्र दोनदा येऊनही दोन्ही वेळा डावा पायच पुढे असतो, आणि ‘क्लाउड हँड्स’मध्ये (समोर हात गोल फिरवत आडवी पावले टाकणे) आपण फक्त डावीकडे सरकत जातो. लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या व्यायामशाळेत जोडी (लाकडी मुद्गलांची) फिरवताना उजव्या हाताने जितके फेरे तितकेच डाव्याने, असा वस्तादांचा दंडक असे, त्यामुळे ही असमानता मला खटकत होती.

पहिल्याच दिवशी गच्चीवर नेहमीच्या जागी उभा राहून सुरुवात केली आणि तिसऱ्या पावलाला पाण्याच्या टाकीवर आदळलो, कारण डावीकडे जाणारी वाट आता उजवीकडे वळली होती. समोर तोंड करून शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचा व्हिडिओ पाहून, तो ज्या बाजूला वळतो त्याच बाजूला आपण वळत गेलो की उलटा संच आपोआप होतो, ही युक्ती फार उशिरा सुचली.

तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा दुखू लागला. वळताना मी पाऊल आधी फिरवत नव्हतो. कंबर फिरे, पाऊल जागीच राही आणि पीळ गुडघ्यावर येई. नेहमीच्या बाजूला हे पाऊल सवयीने फिरत असे, त्यामुळे ते मी कधी शिकलोच नव्हतो, हे तेव्हा कळले. दहा दिवस उलटा सराव थांबवला आणि पुन्हा सुरू करताना पवित्रा उंच ठेवला, म्हणजे गुडघे कमी वाकवले.

सर्वाधिक शिकवले ते सिंगल व्हिपने. पाचही बोटांची टोके जुळवून मनगट खाली झुकवायचे, अशी हाताची चोच उजव्या हाताला सहज जमते. डाव्या हाताने केली की करंगळी सुटते आणि खांदा कानाकडे चढतो. खांदा उतरवायला मला चार महिने लागले, आणि गंमत म्हणजे त्यानंतर उजव्या बाजूचा खांदाही थोडा चढलेलाच असतो हे जाणवू लागले.

नागपूरच्या मे महिन्यात पहाटे साडेपाचनंतर गच्चीवर टिकणे कठीण, म्हणून दोन्ही बाजूंचे पूर्ण संच करायला वेळ पुरेनासा झाला. आता पूर्ण उलटा संच फक्त रविवारी करतो. एरवी नेहमीचा संच झाल्यावर उलट बाजूचे सिंगल व्हिप पाच वेळा आणि क्लाउड हँड्सची उजवीकडे काही पावले. फायदा जवळजवळ तेवढाच वाटतो. ज्यांचा मूळ क्रम अजून अडखळतो त्यांनी मात्र यात पडू नये. माझाही पहिला महिना दोन्ही क्रम विसरण्यात गेला.