डीआर पॅनल घेताय? गॅडॉक्स की सीझियम, आधी हे ठरवा

नाशकातल्या छोट्या एक्स-रे सेंटरला सीआर कॅसेट (प्लेटवर फोटो घेऊन ती रीडरमध्ये वाचायची पद्धत) सोडून डीआर पॅनल (फोटो थेट संगणकावर देणारं) घ्यायचं झालं की कोटेशनमध्ये ठळक दिसतो तो पिक्सेलचा आकडा. पण तेवढेच पिक्सेल असलेली दोन पॅनल फोटो वेगवेगळे देतात. एक्स-रेचं प्रकाशात रूपांतर करणारा फॉस्फरचा थर कोणता, यावर बरंच अवलंबून असतं.

गॅडॉक्स, म्हणजे गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइड, ही बाइंडरमध्ये (कण धरून ठेवणाऱ्या चिकट माध्यमात) घट्ट बसवलेली बारीक पावडर. कणाकणावर आपटत प्रकाश आडवा पसरतो आणि हाडाची कड धूसर होते. थर पातळ केला तर कड सुधारते, पण एक्स-रे कमी अडतात. मग फोटो दाणेदार येतो, नाहीतर डोस वाढवावा लागतो. फिल्मच्या काळातल्या जुन्या कॅल्शियम टंग्स्टेटच्या स्क्रीनपासून ही ओढाताण चालत आली आहे.

सीझियम आयोडाइडचे स्फटिक मात्र उभ्या सुयांसारखे वाढवलेले असतात. पन्हळीतून पाणी उतरावं तसा बराचसा प्रकाश सुईतून सरळ खाली जातो. त्यामुळे थर जाड ठेवूनही कड टिकते. आलेल्या एक्स-रेतली किती माहिती फोटोत उतरली हे डीक्यूई सांगतो. ढोबळमानाने सीझियमला ६० ते ७० टक्के, गॅडॉक्सला ३० ते ४०, सीआरच्या प्लेटला त्याहून कमी.

छाती, पोट, कंबरेचा लॅटरल (बाजूने घेतलेला फोटो) आणि विशेषतः लहान मुलं तुमच्याकडे जास्त येत असतील, तर पैसे जास्त पडले तरी सीझियमच घ्या. मुलांच्या डोसमध्ये काटकसर करता येते, हे माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून येणारी चेपलेली बोटं आणि मनगटं हेच मुख्य काम असेल, तर चांगलं गॅडॉक्स पुरतं. पेठ-सुरगाण्याच्या शिबिरांनाही मी तेच नेईन: सीझियम आयोडाइड ओलावा शोषतं, पॅनल सीलबंद असलं तरी आपटून सील उघडलं तर पावसाळ्यात थर खराब होऊ शकतो.

सीआर चालू असेल आणि दिवसाला मोजकेच फोटो असतील, तर घाई नको. ओरखडे पडलेल्या प्लेट तेवढ्या बदला.

डेमोसाठी कुणा कर्मचाऱ्याचा हात पॅनलवर ठेवू देऊ नका. फँटम (शरीराऐवजी ठेवायचा चाचणीचा ठोकळा) आणि लाइन-पेअरची पट्टी (किती बारीक रेघा वेगळ्या दिसतात ते तपासणारी) मागवा, दोन्ही पॅनलना केव्ही (एक्स-रेची भेदकता) आणि एमएएस (एक्स-रेचं प्रमाण) सारखेच द्या, आणि सॉफ्टवेअरचं शार्पनिंग बंद करायला लावा.