मनगटावरचं घड्याळ की छातीचा पट्टा?

हृदयाचे ठोके मोजायला दोन्ही माझ्याकडे आहेत, दोन्ही वापरतो, तेव्हा कुणाची बाजू घ्यायची नाही असं ठरवून लिहायला बसलोय. बघू कितपत जमतं.

स्ट्रेस टेस्टनंतर (श्रम करायला लावून हृदय तपासतात ती) डॉक्टरांनी सांगितलं, चढा खुशाल, पण ठोके १३०च्या वर नेऊ नका. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद ठेवणारं औषध, चालू आहे, त्यामुळे कमाल ठोक्यांसाठी २२०मधून वय वजा करायचा हिशेब माझ्या उपयोगाचा नाही. आकडा डोळ्यांनी दिसायला हवा. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून स्कूटरनं किलागेट, तिथून पायी ग्वाल्हेरचा किल्ला, हा माझा सकाळचा नेम.

घड्याळ सुखाचं, हे आधीच कबूल. बांधलं की विसरायचं; झोप, विश्रांतीतले ठोके, सगळं आपोआप नोंदलं जातं. सपाटीवर माझ्या घड्याळात आणि पट्ट्यात दोन-तीन ठोक्यांचाच फरक असतो.

खटकलं ते उतारावर. मी तोकड्या पावलांनी पळत उतरतो. एका जानेवारीत, धुक्यात, चतुर्भुज मंदिरापाशी (शिलालेखात शून्य कोरलंय तेच) घड्याळानं १५६ दाखवले. पोटात गोळाच आला. तिथंच थांबून मानेवर बोटं ठेवली, पंधरा सेकंदांत २६ ठोके. म्हणजे १०४! दुसऱ्या दिवशी उतरताना पावलं मोजली, तर मिनिटाला १५५ भरली. घड्याळ माझं काळीज नव्हे, पाय मोजत होतं. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची भरती-ओहोटी टिपतं; गारठ्यात त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, खूण क्षीण होते आणि हाताच्या हिसक्यांनाच ते ठोके समजतं. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट बांधलं, थोडा फरक पडला. भीती मात्र बसली ती बसलीच. खरंच १४० झाले, तर ते तरी खरे कसे मानायचे?

पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट घेतो, पावलांनी तो फसत नाही. नखरे त्याचेही आहेत. पाण्यानं ओला करून बांधावा लागतो, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत पहाटे तो छातीला लागला की देव आठवतो. कोरडाच बांधला तर घाम फुटेपर्यंत काहीबाही आकडे. शिवाय धुवायचा, बटण सेल बदलायचा.

ईसीजीवाल्या घड्याळाचा मोह मलाही झाला होता. पण त्याला तीस सेकंद स्वस्थ बसून बोट लावावं लागतं, चढताना त्याचा काय उपयोग! आणि छातीत दुखलं, तर ना घड्याळ बघायचं ना पट्टा, सरळ दवाखाना गाठायचा.

तुम्ही बागेत फेऱ्या मारत असाल तर घड्याळ पुरेसं असावं. डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली असेल तर, मला वाटतं, आधी पट्टा घ्या. त्याचा आकडा घड्याळावरही दिसू शकतो. फक्त घड्याळ बाहेरचा सेन्सर जोडून घेतं का, हे दुकानातच तपासा. माझं पहिलं घेत नव्हतं. ते आता मुलीच्या हातावर पावलं मोजतं.