नौपाड्यातील प्राणिशास्त्राची शिकवणी: चेतापेशींच्या धड्यावरून अभिप्राय

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षासाठी ठाण्यात, नौपाड्यात चालणाऱ्या एका खासगी शिकवणीला मी या सत्रात जात आहे. तिथला भ्रूणविज्ञानाचा भाग, त्यातही चेतापेशींच्या वाढीचा धडा, इतका मनापासून शिकवला गेला की त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

वृद्धिघटक, म्हणजे पेशींच्या वाढीला चालना देणारे पदार्थ, हे प्रकरण एरवी नावे पाठ करण्यावरच संपते. इथे मॅडमनी प्रयोगापासून सुरुवात केली. उंदराच्या कर्कगाठीचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसवला की चेतातंतू त्यात दाटीने शिरतात, हे पाहिलेल्या शास्त्रज्ञ रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी १९५२ मध्ये रिओ दि जानेरो येथे गाठ आणि चेतागंडिका (चेतापेशींचा पुंजका) काचेच्या बशीत एकमेकींपासून थोड्या अंतरावर वाढवल्या, तेव्हा गंडिकेभोवती तंतूंचे प्रभामंडळ उमटले. याचा अर्थ गाठीतून एखादा पदार्थ झिरपत होता. तोच एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे चेतापेशींचा वृद्धिघटक). जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी तो पुढे सापाच्या विषातून आणि उंदराच्या लाळग्रंथींतून वेगळा काढला. दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले.

भ्रूणात चेतापेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि त्या जिथे पोहोचतात त्या ऊती एनजीएफ मोजकाच स्रवतात. तो तंतूच्या टोकावरील ट्रकए या ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) जोडला जातो, संदेश तंतूतून उलट दिशेने पेशीकायेपर्यंत, म्हणजे पेशीच्या मुख्य भागापर्यंत, येतो, आणि ज्या पेशींना तो मिळत नाही त्या मरतात. मॅडमनी फळ्यावर एकच तंतू काढून हा उलटा प्रवास टप्प्याटप्प्याने दाखवला. मला तो तिथेच पक्का समजला.

छापील टिपणांबाबत मात्र तक्रार आहे. प्रभामंडळाचे छायाचित्र झेरॉक्समध्ये निव्वळ काळा डाग झाले आहे. त्याहून गंभीर म्हणजे, एनजीएफच तंतूंना लक्ष्यापर्यंत ओढून नेतो, असे त्यांत सरसकट लिहिले आहे. बशीत तंतू एनजीएफच्या दिशेने वळतात हे खरे. पण उंदराच्या मिशांच्या त्वचेत एनजीएफची निर्मिती तंतू तिथे पोहोचल्यावरच सुरू होते, असे १९८७ मध्ये दिसून आले. वाट दाखवण्याचे काम नेट्रिनसारखे इतर रेणू करतात. विचारल्यावर मॅडमनी हे वर्गात नीट स्पष्ट केले, पण टिपणे अजून तीच आहेत.

बॅच लहान आहे, फी वाजवी आहे आणि शंकांना पुरेसा वेळ मिळतो. नव्याने येणाऱ्यांनी टिपणांतले एनजीएफचे पान वहीतल्या नोंदींशी ताडूनच वाचावे.