नाविकांसाठीची ‘चर्प मेरिटाइम’ सेवा : एका वाचकाचे परीक्षण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, तरीही चोपडा, अमळनेर, शहादा या भागांतली मुले व्यापारी जहाजांवर नोकरीला जातात. त्यांच्या घरी समुद्राविषयी सांगणारे कोणी नसते. कोकणातल्या मुलाला वडिलांकडून, मामाकडून जे ऐकून माहीत होते, ते आपल्याकडच्या मुलाला प्रशिक्षण संस्थेच्या पुस्तकातून शिकावे लागते, आणि पुस्तकात नियम असतात, नियम मोडल्यावर काय होते ते क्वचितच असते. मी जहाजावर डेक अधिकारी (जहाज चालवण्याचे काम पाहणारा अधिकारी) म्हणून नोकरी करतो आणि सुट्टीवर गावी आलो की या मार्गावर निघालेल्या मुलांना भेटतो. त्यांना वाचायला काय द्यावे, या प्रश्नाचे आजवर सापडलेले सर्वांत चांगले उत्तर म्हणजे ब्रिटनमधील ‘चर्प’ या धर्मादाय विश्वस्त संस्थेची सागरी शाखा आणि तिची ‘फीडबॅक’ ही त्रैमासिक पत्रिका. ती मोफत आहे, संकेतस्थळावरून कोणालाही घेता येते, आणि मी ती अनेक वर्षे वाचत आलो आहे.

चर्पची सुरुवात 1982 मध्ये विमान वाहतुकीसाठी झाली आणि 2003 पासून तीच पद्धत जहाजांसाठी लागू झाली. काम साधे आहे. जहाजावर अपघात होता होता टळला, किंवा कोणी धोकादायक पद्धतीने काम करवून घेत असेल, तर नाविक त्याची हकिकत संस्थेला कळवतो. संस्था ती पडताळते, कळवणाऱ्याची संमती असेल तर कंपनीशी किंवा जहाजाच्या ध्वजराष्ट्राशी (जहाज ज्या देशात नोंदलेले आहे त्या देशाशी) बोलते, जहाजाची आणि माणसाची ओळख पटेल असा सगळा तपशील काढून टाकते आणि उरलेली हकिकत अनुभवी सागरी तज्ज्ञांच्या सल्लागार मंडळापुढे ठेवते. मंडळाच्या टिप्पणीसह ती पत्रिकेत छापली जाते. निनावी पत्र मात्र संस्था घेत नाही, कारण मग काहीच पडताळता येत नाही. काम संपल्यावर कळवणाऱ्याची वैयक्तिक माहिती ती आपल्याजवळ ठेवत नाही. या दोन्ही अटी मला योग्य वाटतात. शहादा तालुक्यातल्या एका खलाशाला मी या सेवेबद्दल सांगितले तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, “साहेब, आपलं नाव तर कंपनीला कळणार नाही ना?” पुढचे कंत्राट मिळेल की नाही या काळजीत जगणाऱ्या माणसाचा तो अगदी रास्त प्रश्न आहे, आणि या सेवेची सारी रचना त्याच प्रश्नाभोवती उभी आहे.

टळलेल्या अपघाताला एवढे महत्त्व का द्यावे, हे समजण्यासाठी 6 मार्च 1987 ची घटना पाहावी. बेल्जियममधील झेब्रुगा बंदरातून निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी बोट, गाड्या आत घेण्याचे पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच बाहेर पडली. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरले, काही क्षणांत बोट कलंडली आणि 193 माणसे मेली. दरवाजे बंद करण्याची जबाबदारी असलेला कर्मचारी त्या वेळी केबिनमध्ये झोपलेला होता. चौकशीत पुढे आले की ऑक्टोबर 1983 मध्ये त्याच कंपनीची दुसरी बोट अशीच, जवळजवळ त्याच कारणाने, दरवाजे उघडे ठेवून निघाली होती. त्या वेळी काही बिघडले नाही, म्हणून त्यातून कोणी काही शिकले नाही. दरवाजे बंद आहेत की नाहीत हे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, दाखवणारा दिवा बसवावा, अशी कॅप्टनांची मागणी होती. ती किनाऱ्यावरच्या व्यवस्थापनाने बाजूला सारली. साडेतीन वर्षे आधी मिळालेली सूचना वाया गेली.

या दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये 1989 साली सागरी अपघात तपासासाठी स्वतंत्र शाखा स्थापन झाली आणि पुढे आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता आली. ती 1 जुलै 1998 पासून प्रवासी जहाजे, तेलवाहू जहाजे व सुट्या मालाची जहाजे यांना आणि 1 जुलै 2002 पासून इतर बहुतेक जहाजांना लागू झाली. तिच्या नवव्या कलमानुसार अपघात आणि धोकादायक घटना कंपनीला कळवून त्यांचे विश्लेषण करणे बंधनकारक आहे. मग चर्पची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. ज्याने जहाजावर नोकरी केली आहे त्याला उत्तर ठाऊक असते. कंपनीकडे दर महिन्याला अमुक इतके ‘निअर मिस’ (टळलेले अपघात) गेलेच पाहिजेत असा दंडक अनेक ठिकाणी असतो, आणि मग महिनाअखेरीस ‘गॅलीत (स्वयंपाकघरात) फरशी ओली होती’, ‘खलाशाने हातमोजे घातले नव्हते’ अशा नोंदी लिहिल्या जातात. मुरिंगचा (जहाज धक्क्याला बांधण्याचा) दोर तुटून माणसाच्या डोक्याजवळून गेला, ही नोंद त्यात बहुधा नसते, कारण ती लिहिली की दोर वेळेवर का बदलला नाही हे विचारले जाईल. चर्पकडे येतात त्या याच, जहाजावरच्या फायलीत न पोहोचलेल्या गोष्टी.

पत्रिकेचा दर्जा कळण्यासाठी पायलटच्या शिडीचा विषय घ्यावा. तो तिच्यात पुन्हा पुन्हा येतो. बंदरात जहाज नेणारा पायलट चालत्या बोटीतून दोरशिडीने जहाजावर चढतो. शिडीच्या पायऱ्यांमधले अंतर 310 ते 350 मिलिमीटर असावे, जहाजाची बाजू पाण्यापासून 9 मीटरपेक्षा उंच असेल तर दोरशिडीला जहाजाच्या जिन्याची जोड द्यावी, इथपर्यंत सर्वांना पाठ असते. अपघात मात्र पाठांतराच्या पलीकडच्या बारकाव्यात होतो. शिडी पूर्ण लांबीला सोडलेली नसते तेव्हा ती मध्येच कुठेतरी डेकला बांधावी लागते, आणि घाईत खलाशी बाजूच्या दोरांभोवती शॅकल (लोखंडी कडी) अडकवून मोकळा होतो. दिसायला ते भक्कम दिसते. प्रत्यक्षात पायलटचे सारे वजन बाजूच्या दोरांवरून डेकवर न जाता शॅकलवर टेकलेल्या एका पायरीवर, तिच्याखालच्या लहान ठोकळ्यावर आणि तो धरून ठेवणाऱ्या बारीक दोरीच्या वेढ्यांवर पडते. ठोकळा सरकला की शिडी एकदम खाली येते. योग्य पद्धत म्हणजे दोन्ही बाजूच्या दोरांना वेगळ्या दोराने रोलिंग हिच (न सरकणारी गाठ) मारून तो डेकवरच्या मजबूत कडीला बांधणे. ‘शिडी नीट बांधा’ एवढे सांगून न थांबता वजन कुठून कुठे जाते हे समजावणारे लेखन मला मौल्यवान वाटते, कारण एकदा ते कळले की खलाशी नियमपुस्तक न उघडताही चूक ओळखतो.

बंदिस्त जागांविषयीचा मजकूर आपल्या भागातल्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल. बॅलास्ट टाकी (जहाज स्थिर ठेवण्यासाठी पाणी भरायची टाकी) किंवा नांगराच्या साखळीची कोठी बंद राहिली की आतला लोखंडी पत्रा गंजतो आणि गंजताना हवेतला प्राणवायू खातो. कोळसा, लाकूड, भंगार भरलेल्या खणातही हेच घडते, आणि ती मेलेली हवा शेजारच्या जिन्यात झिरपते. वास येत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. बाहेर 20.9 टक्के असणारा प्राणवायू आत 6 ते 8 टक्क्यांवर आलेला असेल, तर आत उतरलेला माणूस हाक मारण्याआधीच कोसळतो. त्याला पडलेला पाहून दुसरा धावतो, त्याच्यामागे तिसरा. गाळ काढायला जुन्या विहिरीत उतरलेल्या, किंवा शौचालयाच्या टाकीत उतरलेल्या भावाला वाचवायला गेलेला भाऊही परत आला नाही, अशा बातम्या आपण खेड्यापाड्यांतून वाचतो. कारण तेच आहे. जहाजांवर 2015 पासून दर दोन महिन्यांनी बंदिस्त जागेतून सुटकेचा सराव सक्तीचा आहे, जुलै 2016 पासून वायू मोजण्याचे हातातले यंत्र सक्तीचे आहे, आणि तरीही माणसे मरतात. पत्रिका इथे चांगला प्रश्न विचारते : सराव झाला तेव्हा यंत्र खरोखर चालू करून दोरीने टाकीच्या तळापर्यंत सोडले होते का, की तोंडाशीच धरून आकडा लिहिला होता?

याच संदर्भात रावेर-यावलच्या केळी बागायतदारांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2021 मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीची केळी दुबईला गेली. लांबच्या प्रवासासाठी काही शीत कंटेनरांत तापमान 13-14 अंशांवर ठेवण्याबरोबरच फळ पिकू नये म्हणून प्राणवायूही 2 ते 5 टक्क्यांपर्यंत उतरवलेला असतो. अशा कंटेनरचे दार उघडून हवा खेळू न देता आत शिरणे, हे बंद टाकीत उतरण्याइतकेच जिवावर बेतणारे आहे. जहाजावर आणि गोदामावर काम करणाऱ्या दोघांनीही हे लक्षात ठेवले पाहिजे.

अधिकृत तपास अहवालांशी तुलना केली तर चर्पची मर्यादा स्पष्ट दिसते. 26 मार्च 2024 रोजी बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ जहाजाची वीज गेली, ते पुलाच्या खांबाला धडकले आणि पुलावर काम करणारे 6 कामगार मृत्यू पावले. जहाजावरचे बहुतेक कर्मचारी भारतीय होते. अमेरिकेच्या तपास मंडळाने नोव्हेंबर 2025 मध्ये निष्कर्ष मांडला की विद्युत पॅनेलमधली एक तार सैल होती. तारेवर नाव लिहिलेली पट्टी अशा जागी बसवलेली होती की तारेचे टोक खाचेत पूर्ण जात नव्हते. इतक्या खोल जाण्यासाठी अभियंते, प्रयोगशाळा, साक्षी काढण्याचा कायदेशीर अधिकार आणि दीड वर्षाहून अधिक काळ लागला. चर्पकडे यातले काही नाही. ती कोणाला समन्स पाठवू शकत नाही, कंपनीने उत्तर दिले नाही तर तेवढेच नोंदवू शकते. जहाजाचे नाव नसल्यामुळे वाचकालाही काही तपासून पाहता येत नाही आणि विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. तरीही मी नव्या मुलाला आधी हीच पत्रिका देईन. शंभर-दीडशे पानी अहवाल तो वाचणार नाही, आणि अहवालात जे आहे ते घडून गेलेले असते. पत्रिकेतली शिडी उद्या सकाळी त्याच्याच हातात असणार आहे.

थकव्याच्या विषयावर मात्र मी असमाधानी आहे. कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास आणि 7 दिवसांत किमान 77 तास विश्रांती, हा नियम कागदावर सर्वत्र पाळला जातो. प्रत्यक्षात नोंदी जुळवून लिहिल्या जातात, हे जागतिक सागरी विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासाने ठळकपणे मांडले आणि चर्पकडे आलेल्या हकिकतींतूनही दिसते. पण अशा हकिकतींखालची टिप्पणी बहुतेकदा कॅप्टनने काम थांबवावे, कंपनीने लक्ष द्यावे, अशा सल्ल्यावर संपते. दोन बंदरांमध्ये एका दिवसाचे अंतर, ब्रिजवर पहारा देणारे मोजके अधिकारी आणि किनाऱ्यावरून येणारे फोन, अशा अवस्थेत काम थांबवण्याचा अधिकार कॅप्टनला किती उरतो? माणसांची संख्या वाढवल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, आणि किमान मनुष्यबळाचा दाखला देणाऱ्या ध्वजराष्ट्रांना तेवढ्याच स्पष्ट शब्दांत हे सांगणे मंडळाला जमायला हवे.

दुसरी उणीव भाषेची आहे. पत्रिका मराठीत निघत नाही. इंग्रजी सोपी असली तरी पायलटची शिडी बांधणारा, टाकीत उतरणारा माणूस खलाशी असतो, आणि त्याला ती सहज वाचता येतेच असे नाही. मी मुलांबरोबर बसतो तेव्हा एक हकिकत मोठ्याने वाचून मराठीत सांगतो आणि मंडळाची टिप्पणी झाकून ठेवतो; आधी त्यांनी सांगायचे की घसरण नेमकी कुठे सुरू झाली. या पद्धतीने पत्रिका सर्वांत जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

अशी सेवा आपल्याच पाण्यावर का नाही, हा विचार मनातून जात नाही. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या पाड्यांना सरदार सरोवराच्या पाण्यातून बोटीनेच ये-जा करावी लागते. जानेवारी 2019 मध्ये संक्रांतीच्या दिवशी भुषा येथे बोट उलटून माणसे बुडाली. कोणतीही बोट उलटण्याआधी कधीतरी कलते, कधीतरी गर्दीने कठड्यापर्यंत पाण्यात बसते. ते पाहणारा नावाडी आणि प्रवासी तिथेच असतो, पण आपले नाव गुप्त राहील या खात्रीने ते कोणाला सांगावे, अशी जागा त्याच्यासाठी नाही. 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा नोंदणी, तपासणी आणि अपघाताची चौकशी यांची तरतूद करतो. टळलेला अपघात ऐकून घेणारा कान त्याच्या शेजारी हवा, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेला तो एका फोन क्रमांकावर उभा करता येण्यासारखा आहे.

ज्यांना या सेवेकडे हकिकत पाठवायची आहे त्यांच्यासाठी थोडेसे. संकेतस्थळावरच्या अर्जातून किंवा मोबाइल ॲपवरून ती पाठवता येते, आणि त्यासाठी अधिकारी असण्याची गरज नाही. खलाशी, गॅलीतला माणूस, इंजिनरूममधला वायपर (साफसफाई करणारा मदतनीस), कोणीही लिहू शकतो. कोणाची चूक, यापेक्षा काय घडले, किती वाजता, हवा कशी होती, कोण किती तास जागे होते, हे क्रमाने लिहावे. फोटो असेल तर जोडावा. जहाजावर असताना लिहिण्याची भीती वाटत असेल तर उतरल्यावर, घरी पोहोचल्यावर लिहावे, मात्र तारखा आणि वेळा जहाजावरच वहीत टिपून ठेवाव्यात, कारण महिन्याभराने तपशील धूसर होतात. कंपनीशी संपर्क साधायला संमती द्यायची की नाही, हे स्वतः ठरवावे. संमती दिली नाही तरी ओळख काढून घेतलेली हकिकत मंडळापुढे जाऊ शकते आणि इतर जहाजांवर वाचली जाऊ शकते.