मुलाखतीच्या भीतीवर मोबाइल रेकॉर्डिंग आणि ४-६ श्वास : पाच महिन्यांच्या वापरानंतर

साहित्य एवढंच: मोबाइल, प्रश्नांच्या वीसेक चिठ्ठ्या आणि चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. आठवड्यातून तीन दिवस, पाच महिने. यानंतरचं मत: भीती जात नाही, पण पहिल्या दोन मिनिटांत ती तोंड बंद पाडत नाही.

आधी श्वासाचं, कारण चूक तिथेच होते. ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की माणूस छाती फुगवून भराभर हवा ओढतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि घाबरलेल्याला वाटतं, आता चक्कर येणार. श्वास नेहमीएवढाच घ्यायचा, सोडणं लांबवायचं. सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. रोज पाच मिनिटं केलं असेल तरच त्या दिवशी साथ देतं. केबिनच्या दाराशी पहिल्यांदा करायला गेलात तर मोजण्याचाच ताण येईल.

रेकॉर्डिंगला मागचा कॅमेरा वापरा. पुढच्यात नजर सारखी स्वतःच्या चेहऱ्याकडे वळते. फोन डोळ्यांच्या उंचीवर, डब्यांच्या चळतीला टेकवला तरी चालतो. चिठ्ठी उचला, ९० सेकंद बोला. अडखळलात तरी रिटेक नाही, कारण मुलाखतीत सावरूनच पुढे जायचं असतं. पाहताना आधी आवाज बंद: पेनाचं टोपण काढ-घाल, खुर्चीखाली हलणारा पाय लगेच दिसतो. मग फोन पालथा ठेवून नुसतं ऐका आणि ‘म्हणजे’ किती वेळा आलं ते मोजा.

‘स्वतःबद्दल सांगा’ याचं पहिलं वाक्य तेवढं पाठ करा, पुढचे तीन मुद्दे नुसते लक्षात ठेवा. अख्खं उत्तर घोकलं की एक शब्द निसटला तरी पुढची गाडी अडते. हा घात फार जणांचा होतो, आणि तोही अभ्यासू मुलांचा.

उणीव एक, पण मोठी. महिनाभरात कॅमेऱ्याची भीडच उरत नाही. तिथून पुढे समोर अनोळखी माणसं हवीत. राज्यसेवेच्या नव्या योजनेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत आणि समोर पॅनेल असतं. ती परीक्षा देणाऱ्यांनी तरी तिघांना ओळीने बसवावं, एकाने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने मध्येच तोडावं.

झोप उडाली असेल किंवा मुलाखतीचा कॉल आला तरी जाणंच टळत असेल, तर हे पुरणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.