सहीचं पत्र की सहीचा फोटो?

माजी अंतराळवीरांच्या सह्या जमवायला लागलं की हा प्रश्न पडतोच. फोटो भिंतीवर शोभतो. पांढरा स्पेससूट, खाली सही, पाहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण अपोलोच्या काळात सह्यांना मागणी एवढी होती, की ऑटोपेन यंत्रानं सही केलेले फोटोही पाठवले जात. म्हणून आधी भिंग घ्या. रेघेची जाडी सगळीकडे सारखी आहे का? सुरुवातीला आणि शेवटी शाईचा ठिपका आहे का? दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर तंतोतंत जुळल्या, तर ते यंत्राचंच काम. माणसाचा हात दरवेळी थोडा तरी वेगळा वळतो.

यंत्राची सही पत्रांवरही सापडते. तरी पत्राला तारीख असते, कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं, कधी समासात पेनानं केलेली दुरुस्ती. पडताळायला तेवढे धागे हाती लागतात. नील आर्मस्ट्राँग यांनी १९९४च्या सुमारास मागेल त्याला सही देणं थांबवलं. त्यांचं जुनं पत्र दिसलं की माझा तर श्वासच अडकतो.

मी पत्रच निवडेन. फक्त ते उन्हात टांगू नका, शाई उडते. आम्लरहित पाकिटात आडवं ठेवा.