शेअर्ड होस्टिंग की व्हीपीएस?

वेबसाइट ठेवायला सर्व्हरवर जागा भाड्याने घ्यायची, तर शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळीतली खोली. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट्स असतात, त्यामुळे शेजारच्या साइटवर गर्दी उसळली की आपलीही रखडू शकते. पण सर्व्हरचे अपडेट आणि मेल कंपनी सांभाळते. छोट्या दुकानाच्या चार पानांना तेवढं पुरतं.

व्हीपीएस म्हणजे मोठ्या सर्व्हरमधून आपल्यापुरता वेगळा काढलेला आभासी सर्व्हर. त्यावर मेमरीचा ठरलेला वाटा आपला असतो आणि रूट अधिकार, म्हणजे सर्व्हरवर काहीही बदलायची मुभा, हातात येतात. साइट ज्या भाषेत लिहिली आहे त्या पीएचपीची हवी ती आवृत्ती घाला, डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारं रेडिस बसवा. मात्र राखणही आपल्याकडेच येते. उबुंटू 24.04 या ऑपरेटिंग सिस्टिमला 5 वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात, पण ते बसले की नाही हे आपणच बघायचं. सर्व्हर सुरू होतो न होतो तोच पोर्ट 22 वर, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या दारावर, पासवर्ड चाचपणारे बॉट येतात. म्हणून पहिल्याच दिवशी पासवर्डने लॉगिन बंद करून एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) वापरा. मेल मात्र वेगळ्या सेवेवरच ठेवा, कारण मेल पाठवायचं पोर्ट 25 अनेक ठिकाणी बंद असतं.

माझं मत विचाराल तर आधी कॅशिंग, म्हणजे तयार पानं साठवून तीच पुन्हा देणं, करून पाहा. तरीही मेमरी अपुरी पडत असेल, तरच साइट व्हीपीएसवर हलवा. हलवण्याच्या दोन दिवस आधी डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, 300 सेकंदांवर आणा आणि जुनं खातं आठवडाभर तरी चालू ठेवा.